हमेलिया : फूल, पाखरू आणि कात्री



वसंतातल्या व्याख्यानमालेत फुलांवर बोलणे एका अर्थी सोपे आहे आणि एका अर्थी अवघड. सोपे अशासाठी की, श्रोत्यांचे मन आधीच अनुकूल असते. अवघड अशासाठी की, फुलांविषयी बोलावयास उभा राहिलेला मनुष्य बहुधा काव्याकडे घसरतो आणि झाड बिचारे बाजूला राहते. मी आज एकाच झुडपाविषयी बोलणार आहे व होता होईल तो त्या झुडपापाशीच राहणार आहे.

त्या झुडपाचे नाव हमेलिया. नाव परके वाटले, तरी झुडूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. शहरातील रुंद रस्त्यांच्या दुभाजकांवर, सार्वजनिक बागांच्या कडेने, गृहसंस्थांच्या आवारात कमरेएवढे छाटून, भिंतीसारखे सपाट करून जे हिरवे कुंपण राखलेले असते, त्यात पुष्कळदा हेच झुडूप असते. कात्रीतून निसटलेल्या एखाद्या फांदीच्या टोकाला शेंदरी रंगाची, बारीक नळीसारखी चार फुले दिसतात. आपण पाहतो, न पाहतो आणि पुढे जातो.

आता गंमत अशी की, हे झुडूप जेथले मूळचे, त्या अमेरिका खंडात त्याची मुख्य ओळख कुंपण म्हणून नाही. इंग्रजी बोलणारे त्याला ‘फायरबुश’, म्हणजे अग्निझुडूप, म्हणतात. आणि दुसरे नाव आहे ‘हमिंगबर्ड बुश’. हमिंगबर्ड नावाच्या चिमुकल्या पाखराचे हे झुडूप. एकाच वनस्पतीला एका देशात पाखराचे नाव मिळावे आणि दुसऱ्या देशात तिची भिंत व्हावी, असे का झाले? या प्रश्नाचा उलगडा करावयाचा तर झुडूप कसले आहे, पाखरू कसले आहे आणि या दोघांत व्यवहार काय आहे, हे पाहावे लागेल. ते पाहिले की लागवड कशी करावी, हे सांगण्यास फार वेळ लागणार नाही. कारण लागवडीचे बहुतेक नियम त्या व्यवहारातूनच निघतात.

झुडपाची ओळख

हमेलियाचे शास्त्रीय नाव हमेलिया पेटन्स. पेटन्स म्हणजे पसरणारा, फैलावणारा. आणि मोकळे सोडले तर हे झुडूप खरोखरच चहूबाजूंनी पसरते. साधारणतः दोन ते चार मीटर उंची, लालसर देठांची व शिरांची लांबट पाने, आणि ही पाने एका पेराशी बहुधा तीन-तीन किंवा चार-चार अशी वलयाने लागलेली. प्रत्येक फांदीच्या शेंड्याला फुलांचा झुबका येतो. फूल म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर लांबीची शेंदरी-तांबडी नळी. पाकळ्यांची टोके जेमतेम उकललेली. फुलामागून मण्यांसारखी फळे धरतात. ती आधी हिरवी, मग पिवळी, मग तांबडी आणि पिकल्यावर काळी होतात. त्यामुळे एकाच झुबक्यात चारही रंग एकदम पाहावयास मिळतात. मेक्सिकोत ही फळे माणसेही खातात व आंबवून त्यांचे पेयही करतात.

याचा मुलूख फार मोठा आहे. उत्तरेस फ्लोरिडाच्या दक्षिण भागापासून वेस्ट इंडीजची बेटे, मेक्सिको, मध्य अमेरिका, आणि दक्षिणेस थेट अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत ते रानात आपोआप उगवते. जंगलाच्या कडेला, मोकळ्या झालेल्या जागेत, ओढ्याकाठी, चुनखडीच्या खडकाळ जमिनीत, अशा कोठल्याही जागी त्याचे भागते. बेलीझमधील माया लोक त्याला ‘इश कनान’ म्हणतात, आणि त्या नावाचा अर्थ ‘वनाचा राखणदार’ असा सांगतात. जखमेवर व कातडीच्या विकारांवर त्याच्या पाल्याचा उपयोग करण्याची तिकडे जुनी चाल आहे.

कुळाने पाहिले तर मात्र हे झुडूप आपल्याला अगदीच परके नाही. कॉफी, सिंकोना, एक्झोरा, मंजिष्ठा आणि आपला कदंब ज्या कुळातले, त्याच कुळातला हमेलिया. त्याला हे नाव दिले निकोलाउस याक्विन या शास्त्रज्ञाने. व्हिएन्नाच्या सम्राटाच्या शोनब्रुन येथील बागेसाठी नव्या वनस्पती आणावयास तो १७५४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजकडे निघाला आणि १७५९ मध्ये परतला. पुढच्याच वर्षी, १७६० साली, त्याने या झुडपाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आंरी-लुई द्यु आमेल या फ्रेंच वृक्षशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले. ‘आमेल’चे लॅटिनमध्ये ‘हमेलिया’ झाले. या द्यु आमेलने एक नामांकित प्रयोग केला होता. युरोपात रंगासाठी लावली जाणारी मंजिष्ठा त्याने जनावरांना खाऊ घातली आणि त्यांची हाडे तांबडी होतात, हे पाहून हाड कसे वाढते याचा अभ्यास केला. मंजिष्ठेने हाडे रंगविणाऱ्या माणसाचे नाव मंजिष्ठेच्याच कुळातील तांबड्या फुलाला मिळाले, हा योग मोठा मौजेचा आहे.

पाखराची ओळख

आता पाखराकडे वळू. हमिंगबर्ड हे नाव पंखांच्या गुंजारवावरून पडले आहे. याच्या सुमारे साडेतीनशे जाती आहेत, आणि त्या सर्व अमेरिका खंडात व त्याच्या भोवतालच्या बेटांवर. आपल्याकडे एकही नाही. क्यूबा बेटातील सर्वांत लहान जात चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर असते आणि तिचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरते. पक्ष्यांच्या साऱ्या सृष्टीत याहून लहान पक्षी नाही. दिसण्यात तो फुलपाखराचा भाऊ वाटतो. पण शास्त्रज्ञांनी लावलेली सोयरीक वेगळीच आहे. संध्याकाळी आकाशात सरसर फिरणारी आपली पाकोळी ही हमिंगबर्डची जवळची नातलग आहे.

या पक्ष्याचे उड्डाण अपूर्व आहे. इतर पक्षी पंख खाली मारतात तेव्हा उचलले जातात. हा पंख आडवे फिरवून पुढे जाताना आणि मागे येतानाही हवेचा आधार मिळवितो. म्हणून तो फुलापुढे अधांतरी स्थिर राहू शकतो, इतकेच नव्हे तर मागेही उडू शकतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात जो तांबड्या गळ्याचा हमिंगबर्ड आढळतो, तो सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा पंख हलवितो. तीन-साडेतीन ग्रॅमचा हा जीव हिवाळ्यापूर्वी दक्षिणेकडे स्थलांतर करतो, आणि त्यांतील पुष्कळसे मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे आठशे किलोमीटरचा समुद्र एका दमात ओलांडतात.

या सामर्थ्याची किंमत मात्र जबर आहे. अधांतरी राहण्याइतके खर्चाचे उड्डाण दुसरे नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला हजारावर जातात. दिवसभरात स्वतःच्या वजनाइतका, पुष्कळदा त्याहूनही अधिक, मध या पक्ष्याला प्यावा लागतो. थंडीच्या रात्री उपाशीपोटी मरू नये म्हणून तो शरीराचे तपमान उतरवून, ठोके मंदावून, निश्चेष्ट पडून राहतो व पहाटे पुन्हा जागा होतो. तात्पर्य, हमिंगबर्ड रोजच्या कमाईवर जगणारा प्राणी आहे. ज्या फुलात मध कमी, तेथे त्याला चैनीखातर घुटमळणे परवडत नाही. बागेत तो आला तर शोभा वाढावी म्हणून येत नाही, पोटासाठी येतो. लागवडीचा विचार करताना ही गोष्ट विसरू नये.

दोघांचा व्यवहार

फुलाला परागाची ने-आण करून हवी असते आणि पक्ष्याला मध हवा असतो. हा सौदा लाखो वर्षे चालत आलेला आहे, आणि त्याच्या खुणा फुलाच्या अंगावर स्पष्ट वाचता येतात.

पहिली खूण रंगाची. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोग करून दाखविले की, मधमाशीला रंग ओळखता येतात, परंतु शुद्ध तांबडा रंग तिला दिसत नाही. पक्ष्याला तो उत्तम दिसतो. म्हणजे तांबडे फूल ही पक्ष्याला दुरून दिसणारी आणि माशीच्या सहसा ध्यानात न येणारी पाटी आहे. दुसरी खूण वासाची. मोगऱ्या-जाईचा सुवास रात्रीच्या पतंगांसाठी असतो. पक्षी फूल शोधतो ते मुख्यतः डोळ्यांनी, म्हणून हमेलियाला म्हणण्यासारखा वास नाही. तिसरी खूण आकाराची. नळी अरुंद, चोच जाईल एवढी; माशीला बसावयास ओटा नाही. चौथी खूण मधाची. पक्ष्यांच्या फुलांतील मध बहुधा पातळ असतो, त्यात साखर पाचवा हिस्सा किंवा थोडी अधिक. माशीला याहून दाट मध आवडतो. पक्ष्याला मात्र पातळ मध झटपट ओढता येतो, आणि त्याला घाई फार.

हा मध ओढण्याची रीतही अजब आहे. हमिंगबर्डची जीभ टोकाला दुभंगलेली असते. केशाकर्षणाने मध तिच्यात आपोआप चढतो, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. २०११ साली आलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखविले की, जिभेच्या टोकाच्या कडा मधात शिरताच उलगडतात आणि बाहेर येताना मिटून मध पकडतात. दुसरा शोध गोडीविषयीचा. पक्ष्यांच्या पूर्वजांमध्ये गोड चव कळण्याचे सामान्य साधन नाहीसे झालेले होते; हमिंगबर्डमध्ये मांसाची चव ओळखणारे साधनच बदलून साखर ओळखू लागले आहे, असे २०१४ साली मॉड बाल्डविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. फुलाने पक्ष्यासाठी रूप बदलले आणि पक्ष्याने फुलासाठी जीभ बदलली, असे म्हणावयास हरकत नाही.

जेथे व्यवहार आला तेथे चोरही आलाच. काही माश्या आणि काही छोटे पक्षी नळीच्या तोंडाशी न जाता तिच्या बुडाशीच भोक पाडतात आणि परागाला न शिवता मध पळवितात. हमेलियावर ही चोरी अमेरिकेत पुष्कळ पाहिली गेली आहे. तरीही झुडूप टिकून आहे. कारण ते एकदम फुलून मोकळे होत नाही. झुबक्यात रोज थोडी थोडी फुले उमलत राहतात आणि महिनेन् महिने ही पंगत चालू असते. रोज फेरी मारणाऱ्या पक्ष्याला असाच यजमान हवा असतो.

तिकडची लागवड

आता लागवडीकडे. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात हमेलिया जवळजवळ वर्षभर फुलतो. टेक्साससारख्या प्रांतात कडाक्याची थंडी पडली की त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत मरतात. पण मुळे जिवंत राहिली तर वसंतात पुन्हा फुटवे येतात आणि उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत फुले राहतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हमिंगबर्ड दक्षिणेकडे निघालेले असतात, समुद्र ओलांडण्यापूर्वी त्यांना अंगावर चरबी चढवावयाची असते, आणि नेमक्या त्याच वेळी हे झुडूप बहरात असते. तिकडील बागाईतदार त्याला मान देतात तो यामुळे.

रोप तयार करणे सोपे आहे. पिकलेल्या काळ्या फळातील बी फार बारीक असते. ते धुऊन, ओल्या मातीवर नुसते पसरावे, खोल पुरू नये. त्याहून सोपा मार्ग छाटाचा. फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी वीतभर फांदी घेऊन, खालची पाने काढून, वाळू मिसळलेल्या ओलसर मातीत सावलीत लावली की उबदार दिवसांत ती मूळ धरते. जागा भरपूर उन्हाची निवडावी. सावलीत झुडूप जगते, पाने टवटवीत ठेवते. पण फुले कमी देते. जमीन कोणतीही चालते, मात्र पाणी तुंबता कामा नये. पहिल्या हंगामात नियमाने पाणी द्यावे. मुळे खोल गेली की बेताच्या पाण्यावर भागते. दोन झुडपांत सहा-आठ फुटांचे अंतर ठेवावे. खताचा मारा करू नये. त्याने पाला माजतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. हमेलियाची फुले नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येतात. शेंडा कापला की त्यावर येणारा झुबकाही गेला. म्हणून जाणते लोक वर्षातून एकदा, थंडी संपताना, झुडूप आवश्यक तेवढे छाटतात आणि नंतर कात्री बाजूला ठेवतात.

दुसरा नियम फवाऱ्याचा. हमिंगबर्ड केवळ मधावर जगतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. मधातून शक्ती मिळते, पण शरीर घडावयाचे ते किडे, चिलटे व कोळी खाऊन. पिलांना तर मादी मुख्यतः हेच भरविते. शिवाय अर्ध्या अक्रोडाएवढे तिचे घरटे कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंनीच बांधलेले असते. बागेत कीटकनाशकाचा फवारा सतत चालू असेल, तर फुलात मध असून उपयोग नाही. पिले तेथे वाढणार नाहीत. फ्लोरिडात एका पतंगाची अळी हमेलियाची पाने खाते. समजूतदार माणसे तिला चार पाने खाऊ देतात, कारण तिच्यासारख्या जिवांवाचून बागेत पाखरू टिकत नाही.

काहीजण झुडपाऐवजी साखरपाण्याची बाटली टांगतात. चार भाग पाण्यात एक भाग साधी साखर, रंग मुळीच नाही, आणि भांडे वरचेवर धुतलेले, असा तिचा नियम आहे. बाटली वाईट नव्हे. पण तिच्यातले पाणी उन्हात आंबते, आणि माणूस गावाला गेला की पाखराचे अन्नछत्र बंद पडते. झुडूप गावाला जात नाही.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. फ्लोरिडातील रोपवाटिकांत ‘आफ्रिकन फायरबुश’ या नावाने एक हमेलिया विकला जातो. तो आफ्रिकेतला नव्हे; तीही अमेरिकेतच निपजलेली पोटजात, आफ्रिकेतील बागेत जाऊन परत आलेली. तिची पाने गुळगुळीत आणि फुले अधिक पिवळी असतात. फ्लोरिडाच्या रानातील मूळ जातीची पाने लवदार आणि फुले अधिक तांबडी. दोन्ही शेजारी लावल्या तर संकर होऊन मूळची जात भ्रष्ट होईल, अशी चिंता तेथील जाणकारांना वाटते, आणि म्हणून रोप घेताना पान चोळून पाहा, असे ते सांगतात. आपल्याच देशातील झुडूप लावतानासुद्धा ते कोठून आले, हे विचारण्याची ही शिस्त घेण्यासारखी आहे.

आपल्याकडचा पाहुणा

इथपर्यंत ऐकल्यावर कोणी विचारील, की आमच्याकडे हमिंगबर्ड नाही. मग या झुडपाचे आम्ही काय करावे? प्रश्न रास्त आहे.

एके काळी जुन्या जगातही हमिंगबर्ड होते. जर्मनीत सापडलेले सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे अश्मीभूत सांगाडे गेराल्ड मायर यांनी २००४ साली जगापुढे ठेवले. पुढे ते इकडून नाहीसे झाले. आज आपल्याकडे त्यांचे काम करतो तो शिंजीर, ज्याला सूर्यपक्षी असेही म्हणतात. विणीच्या दिवसांत झळाळणारा काळा-जांभळा नर, बारीक बाकदार चोच, फुलावरून फुलावर चालणारी लगबग. पाहणाऱ्याला तो हमिंगबर्डच वाटतो, आणि अनेकजण तसे सांगतातही. परंतु दोघांचे नाते नाही. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गणातला. दोन निराळ्या घराण्यांनी एकच धंदा पत्करला आणि धंद्यामुळे दोघांची चोच सारखी झाली, एवढेच.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. हमिंगबर्ड उभ्या उभ्या, किंबहुना उडता उडता जेवतो. शिंजिराला बहुधा पाट लागतो. तो क्षणभर अधांतरी राहू शकतो, पण बसून पिणे त्याला सोयीचे. आपल्या पांगाऱ्याच्या गोत्रात हा फरक फार सुरेख दिसतो. हे गोत्र दोन्ही जगांत आहे. अमेरिकेतील ज्या जाती हमिंगबर्डवर अवलंबून आहेत, त्यांची फुले अरुंद, नळीसारखी व बाहेरच्या बाजूस रोखलेली असतात. ज्या जातींकडे बसणारे पक्षी येतात, त्यांची फुले उघडी असून देठाकडे वळलेली असतात, म्हणजे फांदीवर बसलेल्याच्या तोंडाशी येतील अशी. आपला पांगारा या दुसऱ्या प्रकारचा.

हमेलियाचे फूल हमिंगबर्डसाठी घडलेले. तरी झुबक्याखाली फांदी असल्यामुळे शिंजिराला बसावयास जागा मिळते. नळीही फार लांब नाही. म्हणून आपल्या बागेतील हमेलियावर शिंजीर येतो, फुलपाखरे येतात, आणि फळे धरली की बुलबुलासारखी पाखरे येतात. मात्र या सर्वांना एक अट आहे: झुडपाला शेंडे असले पाहिजेत. दर पंधरा दिवसांनी यंत्राच्या कात्रीने सपाट केलेल्या कुंपणाला शेंडेच नसतात. आपण रोप विकत आणतो, खड्डा खणतो, पाणी घालतो, माळ्याला पगार देतो आणि मग फूल येण्याच्या बेताला ते कापून टाकतो. यजमानाने पाने वाढून ठेवावी आणि पंगत बसताना ती उचलावी, असाच हा प्रकार आहे. हमेलियाची भिंत का झाली, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हे एवढेच.

तेव्हा ज्याच्या आवारात हे झुडूप आहे, त्याने एवढे करून पाहावे. पावसाळ्यापूर्वी एकदा छाटणी करावी आणि मग निदान काही झुडपे तरी मोकळी वाढू द्यावीत. ज्या ठिकाणी चालणाऱ्याला किंवा गाडीवाल्याला दिसण्याची अडचण होते, तेथे जरूर कापावे. पण बागेच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या आतल्या अंगाला भिंतच हवी, हा हट्ट सोडावा. फवारा आवरता घ्यावा, कारण शिंजीरही आपल्या पिलांना किडे व कोळी भरवितो. आणि प्रत्येक जळमट झाडून काढू नये. शिंजिराचे ते लोंबते घरटे, ज्यात वाळकी पाने, सालपटे आणि काटक्या अडकविलेल्या असतात, तेही कोळ्याच्या तंतूंनीच सांधलेले असते.

याबरोबर दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. परदेशी झुडूप सुंदर फुलते, पाखरे त्यावर येतात, एवढ्यावरून ते रानात नेऊन लावू नये. आपली घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, तीही अमेरिकेतलीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. फुलांवर फुलपाखरे, फळांवर पाखरे. सर्व कसे रमणीय! त्याच पाखरांनी तिचे बी रानोमाळ नेले आणि आज देशभरची जंगले तिच्या जाळ्यांनी भरलेली आहेत. तिच्याखाली गवत उगवत नाही आणि गुरांनी पाला खाल्ला तर ती आजारी पडतात. हमेलियाने आपल्याकडे तसे काही केलेले नाही. परंतु त्याचीही फळे पाखरेच खातात, हे ध्यानात ठेवून त्याला गावातल्या बागेपुरते ठेवावे. डोंगरउतारावर, वनीकरणात, देवराईच्या कडेला त्याचे काम नाही.

तेथे लावावयास आपल्या घरची झुडपे आहेत. धायटी घ्या: हिवाळा सरताना सह्याद्रीच्या उतारावर हिची तांबडी, नळीसारखी फुले फांदीभर लगडतात. मुरुडशेंग घ्या: पावसाळ्यात फुलते, फूल आधी तांबडे असते व जुने झाले की निळसर राखी होते. या दोन्हींवर शिंजीर येतात. मोठी झाडे म्हटली तर पळस, पांगारा आणि काटेसावर. सलीम अली यांनी १९३१ साली कोकणातील बांडगुळावर एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि शिंजीर व फुलटोचे यांचा त्या वनस्पतीच्या प्रसाराशी काय संबंध आहे, हे उलगडून दाखविले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातील पक्ष्यांची फुले आणि फुलांचे पक्षी यांवर त्यांचा दुसरा लेख आला. म्हणजे फूल आणि पाखरू यांचा जो व्यवहार मी तुम्हांला अमेरिकेतील झुडपावरून समजावून सांगितला, तो आपल्या कोकणातल्या आंब्यावर वाढलेल्या बांडगुळावरही पाहता येतो. त्यासाठी समुद्र ओलांडण्याची जरुरी नाही. सकाळी तासभर स्वस्थ उभे राहिले की पुरे.

मी कोणाला नवे झुडूप विकत घ्या, असे सांगत नाही. ज्या झुडपांचे पैसे आपण नगरपालिकेमार्फत किंवा गृहसंस्थेमार्फत आधीच दिलेले आहेत, त्यांतील चार-दोन यंदाच्या पावसाळ्यात न कापता ठेवावीत, एवढी विनंती आपण माळ्याला आणि संस्थेच्या चालकांना करावी. शेंड्यांना झुबके येतील. मग शिंजीर येतो की नाही, तो फुलाच्या तोंडाशी पितो की बुडाशी भोक पाडतो, आणि बसून पितो की उडता उडता, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे व मुलांना दाखवावे.